जागरणाने बग मरत नाहीत

अगं, काल मावशीचा फोन होता. तू रोज रात्री अकराच्या कॅबने घरी येतेस, ताट झाकून ठेवलेलं तसंच राहतं, शनिवारीसुद्धा मांडीवर लॅपटॉप असतो, असं सगळं ती सांगत होती. तिची काळजी खरी आहे. पण मला जास्त लागलं ते तुझं गेल्या आठवड्यातलं वाक्य. तू म्हणालीस, "ताई, मी अजून बारकाईने पाहिलं असतं तर तो बग प्रॉडक्शनला गेलाच नसता." हे तू इतक्या सहज म्हणालीस की मला तिथल्या तिथे काही सुचलं नाही. आज बोलते.

तूच सांगितलेलं पुन्हा मांडते, म्हणजे तुला ते जरा लांबून दिसेल. कर्जाच्या हप्त्याची पुढची तारीख काढायची होती. काम लिहून दिलेल्या कार्डावर एकच ओळ होती, मागच्या हप्त्याच्या तारखेत एक महिना मिळवावा. तू तसंच केलंस. ३१ जानेवारीत एक महिना मिळवला की लायब्ररी २८ फेब्रुवारी देते, कारण फेब्रुवारीला ३१ तारीखच नाही. इथपर्यंत ठीक. पण पुढचा हप्ता काढताना कोड २८ फेब्रुवारीत एक महिना मिळवतो आणि येतो २८ मार्च. त्या ग्राहकाची तारीख ३१ वरून कायमची २८ वर सरकली. ज्याचा पगार महिनाअखेरीला होतो त्याच्या खात्यातून तीन दिवस आधी पैसे कापायला गेले, खात्यात शिल्लक नाही, हप्ता बाऊन्स, वर दंड. एप्रिलमध्ये तक्रारी आल्या. तू रात्रभर बसून हॉटफिक्स दिलास आणि मॅनेजरने ग्रुपवर टाळ्यांचे इमोजी टाकले.

आता मला सांग, हे काम किती जणांच्या डोळ्यांखालून गेलं? कार्ड लिहिणारा बिझनेस अ‍ॅनालिस्ट, तू, रिव्ह्यू करणारा सीनियर, टेस्टर, यूएटीला, म्हणजे क्लायंटच्या चाचणीला, साइन-ऑफ देणारी त्यांची माणसं. एवढ्यांपैकी एकालाही "३१ तारखेचं काय?" हा प्रश्न पडला नाही, आणि दोष मात्र तू एकटीने पदरात घेतलास. मूळ तारीख वेगळी जपून ठेवायची आणि दर महिन्याला तिच्यावरूनच मोजायचं, हे कर्जखात्यात काम केलेल्या माणसाला पाठ असतं. विचारलं असतं तर त्याने दोन मिनिटांत सांगितलं असतं. पण विचारायची वेळ आणि जागाच तुमच्या कामात ठेवलेली नाही. तू पहाटेपर्यंत जागी राहिली असतीस तरी तो प्रश्न त्या कोडमधून वर आला नसता, कारण कोड कार्डाप्रमाणे बरोबरच होता.

दिवाळीत आजी काय म्हणायची आठवतं? भाजणी बिघडली की चकली तळताना कितीही जीव लावा, ती तेलात विरघळायचीच. आपल्याकडे बहुतेक टीम सगळा जीव तळताना लावतात. रिलीजच्या आधीचा आठवडा, रात्रीचे कॉल, टेस्टरवर आरडाओरडा. आणि कार्ड लिहिताना मात्र सगळ्यांना घाई.

म्हणून पहिली गोष्ट. नवीन काम हातात आलं की कोड उघडायच्या आधी अर्धा तास माग. तू, अ‍ॅनालिस्ट आणि टेस्टर, तिघांनी बसायचं आणि फक्त उदाहरणं बोलायची. नियम वाचून सगळे माना डोलावतात. उदाहरण समोर आलं की मतं फुटतात आणि तेच आपल्याला हवं असतं. हप्त्याचंच बघ. ३१ जानेवारी. लीप वर्षातला २९ फेब्रुवारी. हप्त्याच्या दिवशी बँकेला सुट्टी. ग्राहकाने दोन हप्ते आधीच भरले आहेत. मध्येच तारीख बदलून मागितली आहे. प्रत्येकासमोर काय उत्तर यायला हवं ते कार्डावरच लिहून टाकायचं. तीच उदाहरणं उद्या टेस्टरच्या टेस्ट केस होतात, तुझ्या युनिट टेस्ट होतात, आणि सहा महिन्यांनी कुणी विचारलं की असं का केलं, तर उत्तरही तिथेच असतं. ज्या टीमने ही सवय लावली तिथे "आम्हाला असं म्हणायचंच नव्हतं" हे यूएटीतलं वाक्य खूप कमी ऐकू येतं, हे मी स्वतः पाहिलं आहे.

टेस्टरचा विषय निघालाच आहे तर मनातलं बोलते. पुण्यात अजूनही "तिला टेस्टिंगला टाकलं" असं म्हणतात, आणि ते मुलींच्याच बाबतीत जास्त म्हणतात. स्थळ बघतानासुद्धा डेव्हलपर आणि टेस्टर यांत फरक करणारे लोक मला भेटले आहेत. तू त्या रांगेत उभी राहू नकोस. चांगला टेस्टर म्हणजे ज्याला "आणि तसं नसेल तर?" हा प्रश्न आपोआप पडतो असा माणूस. तुमच्या टीममधली टेस्टर कोड पूर्ण झाल्यावर, सगळ्यात शेवटी, उरलेल्या दीड दिवसात कामाला लागते. तिला पहिल्या दिवशी खुर्ची दे. तुझं निम्मं जागरण तिथेच संपेल.

तुला वाटेल, ताई आता प्रोसेसचं कीर्तन लावणार. प्रोसेस म्हटलं की तुझ्या वयाच्या मुलांच्या डोळ्यांसमोर एक्सेलच्या शीट, ऑडिटच्या आठवड्यात मागच्या तारखा घालून भरलेले फॉर्म आणि भिंतीवरचं सर्टिफिकेट येतं. त्यात तुमची चूक नाही, बऱ्याच ठिकाणी तुम्हाला तेवढंच दाखवलं गेलं. पण ही गोष्ट सुरू कशी झाली ते ऐक, कारण तिचा एक धागा आपल्या गावातून जातो.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याला सॉफ्टवेअरने रडकुंडीला आणलं होतं. कामं उशिरा यायची, खर्च दुप्पट व्हायचा आणि जे हातात पडायचं ते चालायचं नाही. त्यातून १९८४ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. आयबीएममध्ये हयात घालवलेले वॉट्स हम्फ्री तिथे आले. त्यांचं म्हणणं साधं होतं. कारखान्यात मालाचा दर्जा शेवटच्या तपासणीने येत नाही, माल ज्या रीतीने बनतो त्यातून येतो. सॉफ्टवेअरलाही तेच लागू आहे. त्यातून पाच पायऱ्यांचं कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल, म्हणजे सीएमएम, तयार झालं. पहिल्या पायरीवरच्या संस्थेत सगळं काही शूर माणसांच्या मेहनतीवर चालतं. पाचव्या पायरीवरची संस्था स्वतःच्या चुका मोजते आणि त्यांतून स्वतःची रीत सुधारत राहते. नव्वदीच्या अखेरीस भारतीय कंपन्यांनी ही पाचवी पायरी धडाधड गाठली. परदेशी गिऱ्हाइकाला आपली ओळख नव्हती, त्याला विश्वास वाटावा म्हणून हे गरजेचंही होतं. पण त्या धावपळीत अनेकांनी पायरीचा कागद मिळवला आणि पायरी चढायची राहिली. तुझ्या ऑफिसच्या रिसेप्शनमागेही तो कागद असेल. मला त्या कागदाबद्दल राग नाही. कागदावर लिहिलेलं तुझ्या टीममध्ये एखाद्या मंगळवारी दुपारी दिसत नाही, याचं मात्र फार वाईट वाटतं.

आता पुण्याचा धागा. हिंजवडीत भाताची खाचरं होती त्या काळात, १९८१ मध्ये, टीसीएसने पुण्यात एक संशोधन केंद्र काढलं, टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर. सगळे त्याला टीआरडीडीसी म्हणतात. कल्पना टीसीएसचे प्रमुख फकीरचंद कोहली यांची. धंदा पोरवयात असताना त्यांनी संशोधनावर पैसे घातले. पहिले संचालक ई. सी. सुब्बाराव, कानपूर आयआयटीतून आलेले पदार्थशास्त्रज्ञ. तिथूनच आलेले केशव नोरी हे पास्कल भाषेच्या सुरुवातीच्या कंपायलरवर झ्युरिकला काम केलेल्या चमूतले. तांदळाच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळणारा जो टाटा स्वच्छ फिल्टर आला, त्यामागचं संशोधनही याच संस्थेतलं. आणि दुसऱ्या खोलीत लोक या प्रश्नावर बसले होते की माणसाने लिहिलेला कोड यंत्राकडून तपासून घेता येईल का. नुसता चालवून बघायचा नाही, तर कुठलाही इनपुट आला तरी तो चुकीच्या ठिकाणी पोहोचणार नाही हे गणिताने दाखवायचं. तिथल्या गटाने केलेलं व्हेरिअ‍ॅब्स नावाचं टूल एसव्ही-कॉम्प या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपल्या विभागात एकापेक्षा जास्त वेळा पहिलं आलं आहे. जगभरची विद्यापीठं तिथे उतरतात. हे काम आपल्या पुण्यात झालं आणि आपल्याच पुण्यातल्या कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलांना त्याचा पत्ता नसतो, याची मला खंत वाटते.

तुला एवढं गणित करायला कुणी सांगत नाही. पण त्याच घराण्यातली साधी टूल्स तुझ्या बिल्डमध्ये फुकट बसलेली आहेत. स्टॅटिक अ‍ॅनालिसिसच्या वॉर्निंग येतात आणि तुम्ही सगळे त्या खाली सरकवून पुढे जाता, हो ना? आधीच्या हजारोंकडे तूर्त बघू नकोस. आज लिहिलेल्या कोडमध्ये एकही नवीन वॉर्निंग वाढू द्यायची नाही, एवढंच धर. गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या तुझ्या मैत्रिणीला विचार. कोथरूडच्या टेकडीवर गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, पिंपरी-चिंचवडला गाड्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे ब्रेकचा, स्टिअरिंगचा कोड लिहिणारी माणसं पुण्यात पुष्कळ. त्यांच्याकडे गाड्यांच्या सुरक्षेचं मानक, आयएसओ २६२६२, लागतं. प्रत्येक अपेक्षा कुठल्या टेस्टने तपासली याचा माग ठेवावाच लागतो. ब्रेक लागला नाही तर हॉटफिक्स देता येत नाही, म्हणून ते आधी विचार करतात. आपल्या बँकेच्या कोडमुळे कुणाचा जीव जात नाही, पण ज्याचा हप्ता बाऊन्स झाला त्याचा पुढच्या कर्जाचा अर्ज त्यामुळे अडू शकतो. त्याच्या लेखी ते लहान नाही.

बरं, रिव्ह्यू. तुझ्या टीममध्ये रिव्ह्यू होतो म्हणालीस. शुक्रवारी संध्याकाळी दीड-दोन हजार ओळींची पुल रिक्वेस्ट टाकायची, सीनियरने पाच मिनिटांत "एलजीटीएम", म्हणजे "मला ठीक दिसतंय", लिहून अप्रूव्ह करायची. याला रिव्ह्यू म्हणू नकोस. मायकल फेगन नावाच्या आयबीएममधल्या इंजिनिअरने १९७६ मध्ये कोड तपासायची शिस्तबद्ध रीत मांडली. माणसं ठरवून घ्यायची, आधी वाचून यायचं, तासनतास ओढायचं नाही, सापडलेली प्रत्येक चूक नोंदवायची. आज कुणी इतकं औपचारिक करत नाही, करायची गरजही नाही, पण गाभा तोच आहे की वाचणाऱ्याला वाचता येईल एवढंच समोर ठेवायचं. दोनशे ते चारशे ओळींच्या पुढे नजर थकते आणि मग माणूस फक्त नावं आणि स्पेसेस बघतो. मोठ्या पुल रिक्वेस्टवर कमेंट कमी येतात आणि छोटीवर जास्त, हे तूसुद्धा पाहिलं असशील. तुझं काम छोट्या तुकड्यांत पाड. तारखेचा हिशोब वेगळा, स्क्रीन वेगळी, रिपोर्ट वेगळा. प्रत्येक तुकड्याबरोबर त्याच्या टेस्ट. वर दोन ओळी लिही की काय बदललं, का बदललं, आणि तुला स्वतःला कुठे शंका आहे. शंका लिहायला लाजू नकोस. वाचणारा नेमका तिथेच थांबतो आणि तेच तर हवं आहे.

सीनियरच्या कोडवर कमेंट करायची भीती वाटते, हेही तू बोलली होतीस. ती सगळ्यांना वाटते. यावर मला एका डॉक्टरांचं काम फार उपयोगी वाटतं. अतुल गावंडे, अमेरिकेतले सर्जन. वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे. त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी शस्त्रक्रियेच्या वेळची १९ मुद्द्यांची यादी तयार करण्यात पुढाकार घेतला. आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. गंभीर गुंतागुंतीचं प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ वर आलं आणि मृत्यूचं १.५ वरून ०.८ वर. त्या यादीत एक मुद्दा असा आहे की चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. वरवर बिनकामाचा वाटतो. पण ज्या नर्सने एकदा तोंड उघडून नाव सांगितलं, ती पुढे काही चुकताना दिसलं तर बोलायला कमी कचरते. तुझ्यासारखीने स्टँडअपमध्ये पहिल्या दिवसापासून एक तरी वाक्य बोलावं असं मी म्हणते ते यासाठीच. आणि कमेंट प्रश्नाच्या रूपात लिही. "सर, हप्ता आधीच भरलेला असेल तर ही ओळ काय देईल?" यात कुणाचा अपमान नाही. उत्तर असेल तर तू शिकशील. नसेल तर तो स्वतः दुरुस्त करेल आणि तुझं नावही लक्षात ठेवेल.

हल्ली कोड लिहून देणारी एआय टूल्स हाताशी आली आहेत आणि तुमच्या पुल रिक्वेस्ट त्यामुळे आणखी फुगल्या आहेत, हे मला दिसतं. वापर ती खुशाल. पण जी ओळ तुला समजावून सांगता येत नाही ती मर्ज करू नकोस. ३१ तारखेचा प्रश्न त्या टूललाही तूच विचारायचा आहे.

आता रिलीज. इथे एक घटना सविस्तर सांगते, कारण तुमच्याकडे अजून हाताने सर्व्हरवर फाइल चढवतात असं तू म्हणालीस आणि मला धडकी भरली. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर दलालीची बडी कंपनी होती. १ ऑगस्ट २०१२ ला बाजारात नवी सोय सुरू होणार होती, त्यासाठी त्यांनी आठ सर्व्हरवर नवा कोड चढवला. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कुणी तो तपासावा अशी लेखी पद्धतच नव्हती. त्यात नव्या कोडने एक जुनाच फ्लॅग नव्या कामाला वापरला होता. त्याच फ्लॅगवर पूर्वी एक वेगळा प्रोग्राम चालायचा, तो २००३ पासून वापरात नव्हता, पण काढून टाकलेला नव्हता. बाजार उघडला, आठव्या सर्व्हरवर तो झोपलेला प्रोग्राम जागा झाला आणि ऑर्डरमागून ऑर्डर सोडत सुटला. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. वर्षभरात कंपनी दुसऱ्याच्या ताब्यात गेली. चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली. बाजार उघडायच्या आधी सिस्टिमने आपल्याच लोकांना ९७ ईमेल पाठवले होते, त्या जुन्या प्रोग्रामचं नाव घेऊन. कुणी त्यांवर काही केलं नाही, कारण ते ईमेल इशारा म्हणून वाचायचे असतात असं कधी ठरलंच नव्हतं.

यात तुला किती जागा दिसतात बघ, जिथे ते सहज अडलं असतं. न वापरलेला कोड काढून टाकला असता. फ्लॅग नवा घेतला असता. चढवायचं काम स्क्रिप्टने केलं असतं आणि आठही सर्व्हर सारखे आहेत का हे तिनेच तपासलं असतं. आधी एकाच सर्व्हरवर, थोड्या ऑर्डरवर चालवून पाहिलं असतं. आणि काही बिघडलं तर लगेच मागे कसं यायचं हे लिहून ठेवलं असतं. उलट त्या दिवशी घाबरून त्यांनी बरोबर असलेल्या सातही सर्व्हरवरून नवा कोड काढला आणि आग सगळीकडे पसरली. कुणीही आळशी नव्हतं. सगळे धावत होते, आणि धावता धावताच त्यांनी नुकसान वाढवलं.

आणि हे जुनं झालं म्हणू नकोस. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचं एक अपडेट एकदम सगळीकडे गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले, ते फोटो तूच मला पाठवले होतेस. टप्प्याटप्प्याने पाठवलं असतं तर पहिल्या काही मशीनवरच कळलं असतं.

तेव्हा तुमच्या रिलीजमध्ये काहीच बदलता आलं नाही तरी दोन प्रश्न विचारत जा. हे आधी थोड्या ग्राहकांपुरतं चालू करता येईल का? आणि बिघडलं तर मागे यायला किती मिनिटं लागतील, ते आपण एकदा करून पाहिलं आहे का? "बॅकअप आहे ना" या उत्तरावर समाधान मानू नकोस. २०१७ च्या जानेवारीअखेरीस गिटलॅब या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, थकलेल्या अवस्थेत, चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. त्यांच्याकडे बॅकअपच्या अनेक सोयी होत्या, वेळेला बहुतेक कुचकामी निघाल्या. एक तर बरेच दिवस चालतच नव्हती आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वीची एक प्रत योगायोगाने हाती लागली म्हणून निभावलं. पण त्या कंपनीने पुढे जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. काय चुकलं, कुठल्या क्रमाने चुकलं, सगळं उघडपणे लिहिलं. इंजिनिअरचं नाव पुढे केलं नाही. त्याला काढलं नाही. एका माणसाच्या एका कमांडने सगळा डेटा जाऊ शकतो अशी व्यवस्था का होती, हा प्रश्न त्यांनी धरला.

तुमच्याकडे चुकीचं मूळ कारण लिहायला आरसीए म्हणून जो फॉर्म भरतात त्यात काय लिहिता? "डेव्हलपर ओव्हरसाइट", आणि उपाय म्हणून "डेव्हलपरला समज दिली". मी असे फॉर्म बरेच वाचले आहेत. समज दिल्याने पुढची ३१ तारीख अडत नाही. माणसं फक्त बग लपवायला शिकतात, आणि लपवलेला बग सगळ्यात महाग. पुढच्या वेळी तुझ्याकडे फॉर्म आला तर असं लिही. कार्डावर महिनाअखेरीचं उदाहरण नव्हतं. आता तारखेच्या प्रत्येक कार्डावर ते असेल. टेस्टमध्ये हप्त्याचा एकच महिना पाहिला जात होता. आता सलग १३ महिने पाहिले जातील, म्हणजे फेब्रुवारी त्यात येईलच. या दोन ओळींनी खरंच काहीतरी बदलतं, आणि तुझ्यावर तोंड लपवायची वेळ येत नाही.

आता मॅनेजरचं. तुला "नाही" म्हणता येत नाही, हे मला माहीत आहे. आपल्या घरातल्या मुलींना ते कुणी शिकवलंच नाही. नुसतं "नाही" म्हणूही नकोस. निवड त्याच्या हातात दे. "सर, शुक्रवारपर्यंत तिन्ही स्टोरी लिहून होतील, पण नीट टेस्ट एकीचीच होईल. कुठल्या दोन पुढच्या स्प्रिंटला ढकलू?" हे ईमेलवर लिही, फोनवर नको. सुरुवातीला तो चिडेल. पण त्यालाही वरून विचारणा होते, आणि दर रिलीजनंतर हॉटफिक्स लागतो याचा हिशेब त्यालाच द्यावा लागतो. टाळ्यांच्या इमोजींना भुलू नकोस. आग विझवणाऱ्याचं कौतुक सगळ्यांसमोर होतं, आणि जिच्या मॉड्यूलमधून वर्षभर तक्रारच आली नाही तिचं नावही कुणी घेत नाही, हे मी अप्रेझलमध्ये अनेकदा पाहिलं आहे आणि मला ते खुपतं. म्हणून स्वतःची नोंद स्वतः ठेव. हम्फ्रींनी पुढे एकेकट्या इंजिनिअरसाठी पर्सनल सॉफ्टवेअर प्रोसेस म्हणून रीत मांडली, त्यातली मला भावलेली गोष्ट इतकीच आहे. एक साधी वही. सापडलेला प्रत्येक बग, तो कामाच्या कुठल्या टप्प्यावर घुसला, कुठल्या टप्प्यावर सापडला, दुरुस्तीला किती वेळ गेला. ही वही मॅनेजरला दाखवायची नाही. ती तुझी. दोन-तीन महिन्यांनी उघडलीस की दिसेल, तुझे बहुतेक बग दोन-तीनच प्रकारचे आहेत. कुणाचे तारखांचे, कुणाचे रिकाम्या फील्डचे, कुणाचे दोन थ्रेड एकाच वेळी चालल्याचे. मग रिव्ह्यूला पाठवण्याआधी तेवढंच एकदा तपासायचं. अप्रेझलला बसशील तेव्हा माझ्या कामातून बाहेर गेलेले बग असे कमी झाले हे सांगायला तुझ्याकडे आकडेही असतील.

सगळं एकदम करायला जाऊ नकोस. तू तिथे नवी आहेस, टीम तुझी एकटीची नाही आणि माणसं उपदेशाने बदलत नाहीत. येत्या रिट्रोमध्ये एकच मागणी ठेव, तारीख किंवा पैसे ज्या कार्डात आहेत त्यापुरता तिघांचा अर्धा तास. टेस्टरशी आधी बोलून घे, ती तुझ्या बाजूने असेल. पुढचा रिलीज जरा बरा गेला की लोक आपणहून विचारतील. आणि कुणी उडवून लावलं तर रात्री मला फोन कर. तू नेमके कुठले शब्द वापरलेस ते मला सांग, आपण दोघी मिळून दुसरे शोधू.